पैशाचं सोंग

अस्वलाच्या जबड्यातून बघितलं तर जग माणसाच्या कमरेखालीच संपतं. डोळ्यांच्या जागी दोन चकचकीत काळ्या गोट्या असतात, पण त्या समोरच्यासाठी. आतल्याने बघायचं ते उघड्या तोंडातून, आणि तिथेही जाळी शिवलेली. मान वर केली की मुंडकं मागे कलंडतं आणि जाळी थेट आभाळाकडे जाते. म्हणून मान खाली. त्या दिवशी तीन तास मी फक्त पाय बघितले. चपला, बूट, सँडल, झिजलेल्या टाचा, नुकतेच पॉलिश केलेले चवडे, आणि त्यांच्या बाजूने लोंबणारे हात.

देणार की नाही हे माणसाच्या तोंडून यायच्या आत त्याचे पाय ठरवून मोकळे झालेले असतात, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. न देणारे पाय चार-पाच पावलं आधीच कडेला सरकू लागतात आणि नेमके माझ्यासमोर आले की वेग वाढवतात. देणारे पाय बहुतेक वेळा आधी पुढे निघून जातात. मग थांबतात. एक टाच वळते. तेवढ्यात वर कुठेतरी खिसा नाहीतर पर्स चाचपली जात असणार, ते मला दिसायचं नाही. मला दिसायचा तो एकदम डब्याच्या फटीकडे येणारा हात.

हे सगळं माझ्या एका मैत्रिणीमुळे. तिचा पाच-सहा जणांचा गट आहे. मुलांच्या लांबलचक उपचारांसाठी परक्या शहरात येऊन राहणाऱ्या आईवडिलांच्या निवाऱ्याचा आणि येण्याजाण्याचा खर्च हा गट उचलतो. त्यासाठी वर्षातून एकदा मदतफेरी. रीतसर परवानगी, गळ्यात ओळखपत्रं, हातात सीलबंद डबे. त्या वर्षी कुणीतरी अस्वलाचा पोशाख मिळवून दिला आणि तिचा मला फोन आला.

"तू अस्वल हो. तुझी उंची बसते."

"माझ्याच्याने मागवत नाही गं."

"तुला कुठे मागायचंय? अस्वल मागेल."

तिला वाटलं मी आढेवेढे घेतेय. पण उसने दिलेले पैसे परत मागायची वेळ आली तरी ओशाळते ती मीच. शाळेत असताना कसल्याशा निधीची तिकिटं खपवायला दिली होती. दोन दारांपर्यंत गेले, घंटी वाजवली आणि दार उघडायच्या आत जिना उतरले. उरलेली सगळी तिकिटं वडिलांच्या माथी मारली. त्यांनी काही न बोलता पैसे दिले आणि एवढंच विचारलं, "घंटी तरी वाजवलीस ना?"

तर अशी मी, तोंडावर मुंडकं चढल्यावर भर रस्त्यात नाचले. कंबर हलवली. लहान मुलांपुढे गुडघ्यावर बसले, तरुण पोरांशी पंजा लढवला, एका आजीबाईंना लवून मुजरा केला. त्यांच्या चपलांवरून आणि काठीवरून त्या आजीबाई असाव्यात असं धरून चालले होते. कुणीतरी हसलं, डब्यात काहीतरी खणखणलं, आणि मला आत एकटीला जो आनंद झाला तो थोडा लाजिरवाणाच होता. माझा संकोच गेला कुठे? गेला नव्हताच. त्याला बाहेरून कापूस लावून झाकलं होतं, इतकंच.

'सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही' ही म्हण मी आजवर रिकाम्या खिशाबद्दलच ऐकली होती. आव कसलाही आणा, पण द्यायची वेळ आली की खिशात जे आहे तेच बाहेर येणार. मदतफेरीत तिला उलट बाजूनेही अर्थ आहे असं वाटायला लागलं. तिथे मागणाऱ्याचं सगळंच सोंग असतं. केस खोटे, शेपूट खोटं, नाच तर साफ खोटा. त्या सगळ्या खोट्यात एकच वस्तू खरी असावी लागते, ती म्हणजे डबा.

दानासाठी वेष घेऊन रस्त्यावर उभं राहण्याची ही कल्पना कुणा जाहिरातवाल्याच्या डोक्यातून काल-परवा निघालेली नाही. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या जोसेफ मॅक्फी नावाच्या अधिकाऱ्याला नाताळात गरिबांना जेवू घालायचं होतं आणि हातात पैसे नव्हते. आधीच्या आयुष्यात तो खलाशी होता. लिव्हरपूलच्या धक्क्यावर लोक जाता येता नाणी टाकत ते मोठं भांडं त्याला आठवलं. त्याने फेरीबोटींच्या धक्क्यापाशी तिकाटण्याला एक पातेलं टांगलं. मला या गोष्टीतलं पातेलं फार आवडतं. माणसाने अजून वेष घेतलेला नाही, पण डब्याने घेतला आहे! रस्त्यात पातेलं टांगलेलं बघितल्यावर भूक हा शब्द कुणाला उच्चारावा लागत नाही. सांताक्लॉजचे कपडे नंतर आले. व्हॉलंटियर्स ऑफ अमेरिका ही संस्था १८९६ साली निघाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या फुटपाथांवर तिची लाल कपड्यांतली, पांढऱ्या दाढीची माणसं घंटा वाजवत उभी राहू लागली. खरं तर सांताक्लॉज हा वाटणारा. त्याला मागायला लावायचं म्हणजे केवढी उलटापालट! पण ती लोकांना खटकली नाही. आयुष्यभर ज्याच्याकडून घेतलं त्याने एकदा हात पुढे केला तर नाही कसं म्हणणार, असं काहीसं असेल.

अशीच उलटापालट १९५० मध्ये फिलाडेल्फियात झाली. हॅलोविनच्या रात्री तिकडची मुलं भुताखेतांचे वेष करून दारोदार गोड खाऊ मागत फिरतात. तिथल्या क्लाइड अ‍ॅलिसन या पाद्र्याने आणि त्याच्या पत्नीने, मेरी एमाने, मुलांच्या हातात दुधाचे रिकामे खोके दिले आणि खाऊबरोबर परदेशातल्या मुलांसाठी सुटी नाणीही मागायला सांगितलं. पहिल्या वर्षी जमले १७ डॉलर. ते युनिसेफला गेले, आणि त्यातूनच पुढे देशभर नारिंगी खोके घेऊन फिरणाऱ्या मुलांची प्रथा पडली. मुलांना वेष घ्यायला शिकवावं लागलं नाही आणि मागायलाही नाही, ते दोन्ही त्यांच्याकडे होतंच. बदललं ते एवढंच, की मागितलेलं स्वतः खायचं नाही.

आणि इथेच मेख आहे. वेष घेतला की माणूस मोकळा होतो, ते ठीक. पण कशापासून मोकळा? मी संकोचापासून मोकळी झाले. दुसरं कुणी आणखी कशापासून होईल. एड डीनर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटलमध्ये याच हॅलोविनच्या रात्री तेराशेहून अधिक मुलांवर एक प्रयोग केला. १९७६ साली तो छापून आला. घरातली बाई दार उघडायची, गोळ्यांच्या वाडग्यातून प्रत्येकी एकच घ्या म्हणायची आणि आत निघून जायची. शेजारीच सुट्या नाण्यांचं वाडगं. काही मुलांना तिने नाव आणि राहतात कुठे हे विचारलेलं असायचं, काहींना नाही. आडोशाला बसलेलं कुणीतरी मोजत होतं. ज्यांना नाव विचारलेलं नव्हतं आणि जी घोळक्यात होती, त्या मुलांनी सगळ्यात जास्त हात मारला. एकेकटी आणि नाव सांगितलेली मुलं बहुतेक एक गोळी घेऊन गेली. म्हणजे मुखवट्याचा दोष नाही. मुखवट्याखालच्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नाही, दोष त्याचा.

आमच्या मदतफेरीत अस्वलाच्या छातीवर ओळखपत्र टाचलेलं होतं, माझ्या फोटोसकट. मला ते तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. अस्वलाचं ओळखपत्र! त्यावर माझं हसू आणि माझं आडनाव. एका पोराने ते वाचून आईला सांगितलं, "आई, ह्या अस्वलाला आडनाव पण आहे." आता वाटतं, त्या पोशाखातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच होती.

इंग्लंडमध्ये हे प्रकरण फार जुनं आणि फार फोफावलेलं, म्हणून तिकडे त्याचे नियमही तसेच बारकाईचे. १९१६ सालच्या एका कायद्याने रस्त्यावर दान गोळा करण्यावर नियम घालायचे अधिकार दिले गेले. १९७४ मध्ये जी नमुना नियमावली आली तिच्या धर्तीवर ठिकठिकाणच्या कौन्सिलांनी आपापले नियम केले. डबा बंद हवा, सील हवं, नंबर हवा. गोळा करणाऱ्याने एका जागी उभं राहायचं, लोकांच्या मागे लागायचं नाही. दोघांमध्ये २५ मीटरचं अंतर. सोळा वर्षांखालचं कुणी नको. आणि सोबत प्राणी आणायचा नाही. हे वाचल्यावर मी मैत्रिणीला विचारलं, की अस्वलाच्या आत बाई असेल तर प्राणी कोण धरायचा? तिने उत्तर दिलं नाही. मिरवणुकीतून होणाऱ्या वसुलीला मात्र अंतराची अट कौन्सिल माफ करू शकते. कायदा करणाऱ्यांना इतपत कळत होतं, की दहा जण सोंगं घेऊन वाजतगाजत निघाले तर त्यांना टेप लावून पंचवीस-पंचवीस मीटरवर चालवता येणार नाही.

तिकडच्या विद्यापीठांतली मुलं 'रॅग'च्या नावाखाली असल्या मिरवणुका कित्येक वर्षं काढत आली आहेत. आपल्याकडे त्या शब्दाला जो काळा अर्थ चिकटला, त्याचंच हे दुसरं तोंड. गंमत म्हणून सतावणं, दंगा घालणं, आणि तो दंगा डब्यात वळवणं. दंग्याला दानाचं निमित्त मिळतं की दानाला दंग्याचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि सगळ्यात आटोपशीर सोंग विचाराल तर लाल नाक. कॉमिक रिलीफ ही संस्था १९८५ साली इथियोपियातल्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर सुरू झाली आणि १९८८ मध्ये तिने विदूषकाची प्लास्टिकची लाल नाकं विकून पहिला 'रेड नोज डे' केला. त्यात एक चलाखी होती, आणि ती मला मनापासून पटते. नाक मागणाऱ्याने नव्हे, देणाऱ्याने लावायचं. पैसे दिले की तुम्हीही सोंगात सामील. मग बघणारा कोण आणि सोंगाड्या कोण?

पण अस्वल बघून माणूस खिशात हात का घालतो? गंमत वाटली म्हणून, असं मी इतके दिवस धरून चालले होते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, मिलानच्या मेट्रोतल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि गोंधळले. पोट लावून गरोदर दिसणारी एक बाई डब्यात चढते. काही फेऱ्यांत दुसऱ्या दाराने बॅटमॅनच्या वेषातला एक जण चढतो. तो काही बोलत नाही, बाईशी त्याचा काही संबंधही दिसत नाही. तो नसताना सुमारे ३८ टक्के वेळा कुणीतरी उठून बाईला जागा दिली. तो असताना ६७ टक्के वेळा. इथवर ठीक. पण जे उठले त्यांना नंतर विचारलं, तेव्हा त्यांतल्या ४४ टक्क्यांनी सांगितलं की बॅटमॅन वगैरे आम्ही पाहिलाच नाही! संशोधकांचं म्हणणं असं, की रोजच्या प्रवासात काहीतरी अनपेक्षित घडलं की डब्यातल्या सगळ्यांची तंद्री थोडी मोडते. एकाने मान वर केली की दुसराही करतो, आणि मग समोर उभी असलेली बाई दिसते.

तसं असेल तर अस्वलाचं काम लोकांना हसवायचं नसून त्यांची मान वर करायचं आहे, आणि ज्याने पैसे टाकले त्याच्या ते गावीही नसेल. त्या दिवशी माझ्यासमोरून नुसते निघून गेलेले कितीतरी पाय शेजारी उभ्या मैत्रिणीच्या डब्यापाशी थांबले होते. मला त्याचं वाईट वाटलं होतं. वाटायला नको होतं.

आता आतली हकीकत. मुंडक्याच्या आत आधीच्या सगळ्या अस्वलांचा घाम मुरलेला होता. कुणीतरी त्यावर अत्तर मारलं होतं, त्यामुळे घाम आणि अत्तर असे दोन वेगळे वास न येता एक तिसराच वास येत होता. दहाव्या मिनिटाला पाठीवरून धार लागली. विसाव्या मिनिटाला स्वतःचा श्वास कानात कुणी दुसऱ्यानेच घेतल्यासारखा ऐकू यायला लागला. अनुभवी मंडळींचा नियम असा, की वीस-पंचवीस मिनिटांनी आडोशाला जायचं, मुंडकं उतरवायचं, पाणी प्यायचं, आणि हे लहान मुलांसमोर कधीही करायचं नाही. दुसरा नियम, अस्वल बोलत नाही. बोलायचं ते सोबत्याने. सोबती नसेल तर अस्वल आंधळं, मुकं आणि निम्मं बहिरं. पायरी आली, खड्डा आला, मागून कुणी शेपूट ओढलं, तर कोपराला धरून सांगणारं कुणीतरी लागतं. माझ्या सोबत्याने पहिल्या तासात मला दोनदा पडताना वाचवलं. तिसऱ्यांदा नाही वाचवलं. मी पडल्यावर जी नाणी डब्यात पडली ती दिवसभरातली सगळ्यात भरघोस होती.

याचा मला त्या रात्री राग आला होता. मी नाचले तेव्हा सुटी नाणी, आणि आपटले तेव्हा नोटा? पण मदतीसाठी घेतलेल्या सोंगांचा हिशोब पाहिला तर सोसणं हा त्यातला मोठाच भाग दिसतो. लॉइड स्कॉट नावाचे ब्रिटिश गृहस्थ, आधी अग्निशमन दलात होते, मग त्यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि त्यातून ते बरे झाले. २००२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ते समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या जुन्या पाणबुड्याच्या पोशाखात उतरले. पितळी शिरस्त्राण, शिशाचे बूट, सगळं मिळून साठेक किलो वजन. बाकीचे काही तासांत पोचले. त्यांना पाच दिवस आणि साडेआठ तास लागले. इकडे उडुपीजवळचे रवी कटपाडी हे बांधकामावर मजुरी करणारे. कृष्णजन्माष्टमीच्या उत्सवात ते अंगभर रंग, रबर, शिंगं, पंख लावून चित्रविचित्र प्राणी होतात आणि त्यातून जमलेले लाखो रुपये आजारी मुलांच्या उपचारांसाठी देतात. त्या रंगरंगोटीलाच तासन् तास बसावं लागतं, आणि एकदा रंगले की खाणंपिणंही धड होत नाही. स्वतःच्या हाताला रोजची मजुरी असलेला माणूस ती बुडवून दुसऱ्याच्या मुलासाठी हे करतो, त्याच्यापुढे माझं अस्वल फारच शहरी आणि हौशी ठरतं.

तर लोक कष्टाला देतात. फुकट हात पसरणाऱ्याला 'धडधाकट दिसतोस, काम कर' म्हणणारेही, साठ किलोचं ओझं वाहणाऱ्याला देतात, जरी त्या ओझ्याने कुणाचं काहीच काम झालेलं नसतं. यात दात्यांचा भोळेपणा आहे असं मला वाटत नाही. मागणाऱ्याने आधी स्वतःचं काहीतरी मोजावं, मग आम्ही मोजू, असा तो सरळ व्यवहार आहे.

एका सोंगाला मात्र माझा ठाम विरोध आहे. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांचंच सोंग. डोक्यावर पट्टी, गालाला काळं, फाटके कपडे, हातात खोटं सलाइन. एका बैठकीत ही कल्पना निघाली होती. 'परिणाम चांगला होईल,' असं एक जण म्हणाला. होईलही. पण ज्या मुलाच्या हाताला खरंच सुई टोचलेली आहे त्याची आई त्या रस्त्याने गेली तर? आमच्यात ती आई येऊन बसायचीच, मदत घेणारी आणि मदत करणारी माणसं एकाच खोलीत चहा प्यायची. अस्वलाच्या सोंगाने कुणाची नक्कल होत नाही. फार तर अस्वलाची, आणि त्याची तक्रार अजून आलेली नाही.

शिवाय एक कोडं आहेच, की अस्वल कुणाचं? न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पोशाख चढवून फोटो काढू देणारी आणि त्याबद्दल पैसे घेणारी माणसं इतकी वाढली की २०१६ मध्ये शहराने त्यांच्यासाठी फरशीवर रंगवलेले चौकोन आखून दिले. पैसे मागायचे ते त्या चौकोनात उभं राहून. ती माणसं स्वतःच्या पोटासाठी मागतात आणि त्यात गैर काही नाही. घाम तोच, वासही तोच असणार. पण येणाऱ्याजाणाऱ्याने ओळखायचं कसं, की या केसाळ पंजात टाकलेलं नाणं मुलांच्या वॉर्डाकडे जाणार की संध्याकाळच्या जेवणाकडे? त्यासाठीच सील, नंबर, आडनाव. एका गृहस्थांनी, बूट अगदी नवे होते, डब्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला, संस्थेचं नाव दोनदा विचारलं आणि काहीही न देता निघून गेले. सोबती चिडला. मला ते बूट आवडले.

आणि मग दादा आला.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. लहानपणी पाय मोडला होता तेव्हापासून उजवं पाऊल किंचित बाहेर फेकत चालतो. हजार पायांत मी ते ओळखीन. घराण्यात कुणाची फी अडली, कुणाचं ऑपरेशन आलं, की पहिला फोन दादाला जातो आणि दादा दुसरा प्रश्न विचारत नाही. ते पाऊल मला लांबून दिसलं आणि मी आत इतकी खूश झाले की नियम मोडून आडवीच गेले. डबा खुळखुळवला, कंबर हलवली, दोन्ही पंजे जोडले. आता हा डबा भरणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

"बाजूला हो रे," दादा म्हणाला.

'रे' म्हणाला. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. पाऊल बाहेर फेकत तो निघून गेला.

मी आडोशाला जाऊन मुंडकं उतरवलं. वेळ झाली नव्हती तरी उतरवलं. त्याच्यावर चिडावं असं काही घडलेलं नव्हतं. एका अनोळखी पुरुष अस्वलाला त्याने वाट सोडायला सांगितली होती. माझ्यासाठी तो अर्ध्या रात्री उठून आला असता. पण मी त्याच्याकडे मागितलंच कुठे होतं? मैत्रिणीने सांगितलं होतं ना, अस्वल मागेल म्हणून. अस्वलाने मागितलं, आणि नकारही अस्वलाला मिळाला. मग तो मला का लागावा? लागला. कापसाच्या थरातून बरोबर आत येऊन लागला.

संध्याकाळी डबे फोडले. हे काम चार जणांसमोर होतं. आधी सील तपासायचं, नंबर वाचायचा, मग टेबलावर ओतायचं, आणि मोजून झालं की कागदावर दोघांच्या सह्या. माझ्या डब्यातून पैशांखेरीज निघालं ते असं: शर्टाचं एक बटण, गोळीचा चांदीचा कागद नीट नाण्यासारखा गोल दाबलेला, कसल्यातरी परदेशी चलनाची दोन नाणी, एक सेफ्टी पिन, आणि आठ वेळा घडी घातलेली एक मोठी नोट. ती उघडताना मैत्रिणीला नखं लावावी लागली. कुणी टाकली असेल हे मला सांगता येईना. इतकी बारीक घडी घालायची म्हणजे फटीपाशी यायच्या आधी, चालता चालता घातलेली असणार. कुणाला दिसू नये म्हणून. म्हणजे त्या गर्दीत सोंग घेऊन वावरणारी मी एकटीच नव्हते. मुंडकं शेजारच्या खुर्चीवर जबडा उघडा टाकून बसलं होतं आणि त्याच्यातून अजून वाफ येत होती.

दोन आठवड्यांनी मी दादाला फोन केला. आमच्या गटाबद्दल सांगितलं, कशासाठी हवेत ते सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडा सांगून पैसे मागितले. तो म्हणाला, "अगं, आधी नाही का सांगायचंस?" मी म्हटलं, "राहून गेलं." अस्वलाचं अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या मदतफेरीला मी सोबती झाले. अस्वलात एक नवा मुलगा होता, उंच, पहिल्यांदाच आलेला. माझ्या तोंडावर काही नव्हतं. पहिली पंधरा मिनिटं 'मुलांसाठी मदत' हे दोन शब्द घशातून सुटेनात. लोक अस्वलाकडे बघत आणि डब्यात टाकत, तो डबा माझ्या हातात होता तरी माझ्याकडे बघणं टाळत. मग हळूहळू लक्षात आलं की न देता जाणारेही टाळताहेत. गेल्या वर्षी मला त्यांचे फक्त पळणारे पाय दिसले होते. या वर्षी वर चेहरे होते, आणि त्या चेहऱ्यांवर जे होतं ते मी चांगलं ओळखत होते. घंटी वाजवून जिना उतरताना माझ्या तोंडावर तेच असणार. कुणी उगाच घड्याळ बघत होतं, कुणी फोन कानाला लावत होतं. एक बाई तर चक्क पुटपुटली, "परत येताना टाकते हं." मी म्हटलं, "सावकाश या." ती आली नाही.

ऊन चढलं तसा अस्वलाचा तोल जायला लागला. त्याने पंजाने माझं मनगट दोनदा दाबलं, ही आमची ठरलेली खूण होती. मी डबा काखेत मारला, त्याचा कोपर धरला आणि त्याला आडोशाकडे न्यायला लागले.

"पायरी आहे," मी जबड्याजवळ तोंड नेऊन म्हटलं. "अजून एक आहे. हं, आता सपाट."